घुसखोर कोण, हे ठरवणार कोण?

सध्या आपल्या खान्देशात कुठल्याही ग्रुपवर, कुठल्याही चहाच्या टपरीवर एक विषय हमखास निघतो, बांगलादेशी. शेजारी मालेगावला बांगलादेशींनी उशिराचे जन्मदाखले काढल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला, जानेवारी २०२५ मधे राज्य सरकारने असे दाखले देणंच थांबवलं, चौकशीला एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक बसवलं, आणि तिथून हा वाद जळगाव-धुळ्यापर्यंत आला तो अजून शमलेला नाही. वाद व्हायला हरकत नाही, विषय महत्त्वाचाच आहे. पण तो ज्या पद्धतीने घातला जातोय ते बघून त्रास होतो. एक बाजू म्हणते, जो नागरिकच नाही त्याला संविधान कशाला लागू होईल, उचला आणि सीमेपार सोडा, कोर्टबिर्ट कशाला. दुसरी बाजू म्हणते, घुसखोरी वगैरे सगळं थोतांड आहे, हा फक्त मुसलमानांना छळायचा बहाणा आहे. पहिल्यांनी संविधान उघडून बघितलेलं नाही आणि दुसऱ्यांनी आसामचा इतिहास वाचलेला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जो चोरून या देशात आलाय त्याला इथे राहायचा हक्क नाही, त्याला परत पाठवायचा सरकारला पूर्ण अधिकार आहे, आणि सरकारने तो वापरावा. पण तो इथे आहे तोपर्यंत त्याच्या जिवाला संरक्षण आहे, त्याला मारहाण करता येत नाही, सुनावणीशिवाय डांबून ठेवता येत नाही, आणि "तू परदेशी आहेस" हा आरोप कुठेतरी तपासला जाण्याचा त्याला हक्क आहे. हे मी दयामाया म्हणून म्हणत नाही. दया हा वेगळा विषय आहे, ज्याला वाटेल त्याने करावी. मी म्हणतो कारण हा हक्क परदेशी माणसाकडून काढून घेतला की त्याच क्षणी तो तुमच्या-माझ्याकडूनही जातो. कसा, ते पुढे सांगतो.

आधी संविधानात काय आहे ते बघू. कलम १४, कायद्यापुढे समानता, हे "कोणत्याही व्यक्तीला" आहे. कलम २१, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य, हेही प्रत्येक व्यक्तीला. कलम २० आणि २२, म्हणजे एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही, अटकेचं कारण सांगायचं, वकील घेऊ द्यायचा, २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, हेही व्यक्तीला. उलट कलम १५, १६, १९, म्हणजे भेदभावाविरुद्धचं विशेष संरक्षण, सरकारी नोकरीत समान संधी, भाषण-संचार-वास्तव्याचं स्वातंत्र्य, हे फक्त नागरिकांना. मतदानाचा हक्क कलम ३२६ प्रमाणे फक्त नागरिकांना. म्हणजे घटनाकारांनी कुठे नागरिक म्हणायचं आणि कुठे व्यक्ती म्हणायचं हे निवडून निवडून लिहिलंय. आणि कोणाला वाटत असेल की त्यांच्या हातून ते नकळत झालं असेल, तर त्यांनी कलम २२ चा तिसरा भाग वाचावा. तिथे शत्रुदेशाच्या माणसाला अटकेबाबतच्या या संरक्षणातून स्पष्टपणे वगळलंय. वगळावं लागलं, याचा अर्थ बाकीचे परदेशी आत होते.

यावर एक चांगला आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. उद्देशिका तर म्हणते की न्याय, स्वातंत्र्य, समानता आम्ही आमच्या "सर्व नागरिकांस" मिळवून देऊ, मग परदेशी मधे कुठून आला? बरोबर आहे, उद्देशिका तसंच म्हणते. देश मुळात आपल्या माणसांसाठी उभा राहतो, यात काही चूक नाही. पण उद्देशिकेतलं ध्येय हे राष्ट्राने स्वतःला दिलेलं वचन आहे, आणि कलम २१ सारखी कलमं ही सरकारच्या हाताला घातलेली मर्यादा आहे. पोलिसाने काठी कधी उचलायची नाही, हे समोरच्याच्या पासपोर्टवर अवलंबून ठेवायचं की काठी धरणाऱ्याच्या अधिकारावर? घटना समितीने हे लिहिलं त्या काळात फाळणी नुकतीच झाली होती, लाखो माणसं इकडून तिकडे जात-येत होती, अर्धी गाडीत आणि अर्धी छावण्यांत. जळगावची सिंधी कॉलनी त्याच लोंढ्यातून उभी राहिली. १९ जुलै १९४८ च्या आधी जे आले त्यांची गोष्ट वेगळी, नंतर आलेल्यांना सहा महिने इथे राहून, अर्ज करून, नोंदणी करून मग नागरिक व्हायचं होतं, कलम ६ मधे ते सगळं लिहिलेलं आहे. मधल्या काळात ही माणसं कोण होती? त्यांना कोणी लुटलं, मारलं तर कायदा त्यांच्या बाजूने होता की नव्हता? ज्यांच्या डोळ्यासमोर रोज अशी माणसं होती त्यांनी "व्यक्ती" असं लिहिलं, ते उगाच नाही.

आणि हे फक्त तेव्हाचं नाही. आज जळगावात पाकिस्तानातून आलेली कितीतरी सिंधी हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहताहेत, दुकानं चालवताहेत, पोरं शाळेत घालताहेत. त्यातल्या अनेकांना अजून नागरिकत्व मिळालेलं नाही. एप्रिल २०२५ मधे पहलगाम झालं, पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या घरांमधे काय धाकधूक झाली असेल विचार करा. सरकारने हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम ठेवले, योग्यच केलं. पण "जो नागरिक नाही त्याला संविधान नाही" हे वाक्य खरं मानायचं तर ते आधी या कुटुंबांना लावावं लागेल. मग त्यांना उधारी बुडवणाऱ्यावर केस करता येईल का? त्यांच्या मुलीची छेड काढणाऱ्याला पकडा असं म्हणता येईल का? ग्रुपवर हे वाक्य फॉरवर्ड करणाऱ्यातला एकही जण हो म्हणणार नाही हे मला माहिती आहे, कारण मनातून सगळ्यांनाच ते चुकीचं वाटतं.

कोर्टांनीही गेली ७० वर्षं हीच रेघ ओढून धरलीय. १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. १९९१ मधे लुई द राएट नावाचा बेल्जियन मिशनरी, जो १९३७ पासून भारतात होता, त्याच्या केसमधे म्हटलं की कलम २१ त्याला लागू आहे पण म्हणून इथे कायम राहायचा हक्क मिळत नाही. १९९६ मधे अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांची केस आली. तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना निघून जायच्या धमक्या दिल्या होत्या, तेव्हा कोर्टाने राज्य सरकारला बजावलं की नागरिक असो नसो, त्यांच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे, कुठली टोळी त्यांना हुसकावत असेल तर तुम्ही बघत बसू शकत नाही. आणि २००० मधे, हावडा स्टेशनच्या यात्री निवासात एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला होता, रेल्वे म्हणत होती की ती परदेशी आहे, तिला भरपाई मागता येणार नाही, कोर्टाने ते धुडकावून १० लाखांची भरपाई कायम केली. या शेवटच्या केसमधे रेल्वेची बाजू बरोबर होती असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांबद्दलच्या २०२१ च्या आदेशातही तेच सूत्र आहे, कलम १४ आणि २१ सगळ्यांना, पण इथे राहायचा हक्क नागरिकांना, म्हणून परत पाठवा, फक्त ठरलेल्या प्रक्रियेने पाठवा.

आता "सीमेपार सोडा" म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मनापासून मान्य करतो. घुसखोरी थोतांड नाही. आसाममधे १९७९ ते १९८५ सहा वर्षं आंदोलन पेटलं ते काही हवेतून पेटलं नव्हतं. २००५ मधे सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने बेकायदा स्थलांतरित कोण हे ठरवण्याचा आसाममधला १९८३ चा आयएमडीटी कायदा रद्द केला, आणि अशा घुसखोरीला कलम ३५५ मधलं बाह्य आक्रमण म्हटलं, म्हणजे कोर्टानेच हा प्रश्न हलक्यात घेतलेला नाही. खोटे दाखले, खोटी आधार कार्डं बनवून देणारे दलाल आहेत, त्यांना आत टाकलंच पाहिजे. आणि सगळ्यात वजनदार मुद्दा हा की प्रक्रिया, प्रक्रिया म्हणता म्हणता वर्षानुवर्षं जातात, परदेशी कोण हे ठरवणारं ट्रिब्युनल, अपील, मग समोरचा देश म्हणतो हा आमचा नाहीच, आणि माणूस इथेच राहतो. मग प्रक्रियेचा उपयोग काय, असं सामान्य माणसाने विचारलं तर तो चुकला असं मी म्हणणार नाही.

पण उशीर कोणामुळे होतो ते बघा ना. फेब्रुवारी २०२५ मधे सुप्रीम कोर्टात आसामच्या डिटेन्शन सेंटरमधल्या ६३ जणांची केस होती, परदेशी म्हणून घोषित होऊन पडलेले, पण सरकारने पुढची कागदपत्रंच पाठवली नव्हती, तर न्यायमूर्ती अभय ओक यांनी सरकारला विचारलं, मुहूर्त बघताय का? तिथे निकाल लागलेला होता आणि घोडं अडलं होतं सरकारी टेबलावर. आणि परदेशी कायद्यात तर १९४६ पासूनच मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर टाकलीय, २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तशीच आहे. खून-दरोड्याच्या केसमधेसुद्धा सरकारला एवढी सवलत नसते. एवढं सगळं हातात असताना, ती साधी सुनावणीसुद्धा नको, असं म्हणायचं कारण काय उरतं?

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. "हक्क फक्त नागरिकाला" असं म्हणणारा माणूस एक गोष्ट गृहीत धरून चालतो, की नागरिक कोण आणि परका कोण हे आधीच ठरलेलं आहे, कपाळावर लिहिलेलं आहे. ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते कोणीतरी ठरवतं. पोलीस ठरवतो, तलाठी ठरवतो, जमाव ठरवतो. आणि ठरवताना चूक झाली तर ती दाखवायची जागा म्हणजे सुनावणी. ती सुनावणी फक्त नागरिकालाच मिळेल असं म्हटलं तर, बाबा रे, नागरिक आहे की नाही याचाच तर निकाल तिथे लागायचाय! परक्याला सुनावणी नाही याचा व्यवहारातला अर्थ एवढाच होतो की ज्याला पोलिसांनी परका म्हटलं त्याला सुनावणी नाही, मग तो तुम्ही असा की मी.

हे पुस्तकी वाटत असेल तर घडलेलं सांगतो. जून २०२५ मधे मुंबईच्या बाजूला काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर, मुर्शिदाबाद वगैरे भागातले, आपल्या महाराष्ट्र पोलिसांनी बांगलादेशी म्हणून उचलले, त्यांना सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि मग बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावं लागलं. त्याच महिन्यात बीरभूमची एक गरोदर बाई दिल्लीतून उचलून तशीच पलीकडे गेली. सप्टेंबरमधे कलकत्ता हायकोर्टाने परत आणा म्हटलं, ती आली डिसेंबरमधे. आसाममधे २०१९ ला सुमारे ३० वर्षं लष्करात नोकरी केलेल्या माणसाला ट्रिब्युनलने परदेशी ठरवून कोठडीत टाकलं, हायकोर्टातून जामिनावर बाहेर यावं लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि यात देशाचं काय भलं झालं? एक तरी खरा घुसखोर यामुळे सापडला का?

आपल्याकडे तर हा धोका जास्तच आहे. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, पिढ्यान् पिढ्या बाळंतपणं घरीच झाली, जन्माची नोंद कोण करणार होतं? चोपडा-यावलकडे मध्य प्रदेशातून पावरा, बारेला मजूर येतात, त्यांच्यासाठी राज्याची हद्द म्हणजे डोंगराची एक धार. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर दुसरं, वय अंदाजाने टाकलेलं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला कुठे दिलं? नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांना ओळख मिळावी म्हणून ते गाव निवडलं होतं. आणि आज त्याच आधारबद्दल कायदा स्पष्ट सांगतो की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मग टेंभलीच्या म्हातारीने काय दाखवायचं? वनहक्क कायदा २००६ ला आला तेव्हा सरकारला हे कळलेलं होतं, म्हणून त्याच्या नियमांत गावातल्या जाणत्या माणसांची तोंडी साक्षसुद्धा पुरावा म्हणून चालते असं लिहिलं. म्हणजे कागद नसणं आणि परका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या कायद्यालाच मान्य आहे, ग्रुपवरच्या वादात मात्र ते कोणी मान्य करत नाही. २०२४ मधे आसामच्याच एका केसमधे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हाताशी काही आधार असल्याशिवाय कोणालाही उचलून तू परदेशी आहेस म्हणता येणार नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधे, तारखेत बारीक फरक आहे म्हणून माणूस परदेशी ठरत नाही. सातपुड्यातल्या माणसाने हा निकाल फ्रेम करून ठेवावा असा आहे.

आणि राईनपाडा विसरलात का? १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातला आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा, आणि भिक्षा मागत फिरणारे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडचे, जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते भारतीय होते, महाराष्ट्राचे होते. पण त्या दिवशी त्या बाजारात ते परके होते, आणि परक्याचं ऐकून घ्यायची गरज नाही असं शेकडो लोकांना एकाच वेळी वाटलं. भटक्या-विमुक्तांना हे नवीन नाही, १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, रोज पोलिसात हजेरी लावायला लावली, ते जोखड देशभरातून उतरायला १९५२ उजाडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधे १९०६ ला गोऱ्या सरकारने भारतीय माणसाला हेच केलं, दहा बोटांचे ठसे द्या, परवाना खिशात ठेवा, पोलीस मागेल तेव्हा दाखवा. गांधीजींनी १९०८ मधे जोहान्सबर्गला ते परवाने जाळायला लावले तेव्हा ते परवाने जाळणारे तिथल्या सरकारच्या नजरेत उपरेच होते, गोऱ्यांच्या बरोबरीचे नागरिक नव्हतेच. तेव्हा आपण कोणाच्या बाजूने होतो?

मग कोणीतरी कसाब काढतोच. काढा. मला तर वाटतं या वादात आमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा कसाबच आहे. पाकिस्तानी, रंगेहाथ पकडलेला, देशावर हल्ला करणारा. त्याला वकील दिला, खटला चालला, अपील झालं, दयेचा अर्ज झाला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली, हल्ल्याला चार वर्षं पूर्ण व्हायच्या आत. सरकारी वकील आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम. कसाबला तुरुंगात बिर्याणी खाऊ घातली असं म्हणाल तर निकम यांनी स्वतःच २०१५ मधे जयपूरला जाहीर सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि दिलीही नव्हती, त्याच्याबद्दल निर्माण होणारी सहानुभूती मोडायला ती गोष्ट आपण रचली होती. लोक अजून तीच बिर्याणी धरून बसलेत. आणि त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, दोघं भारतीय, ते पुराव्याअभावी सुटले, सुप्रीम कोर्टापर्यंत ती सुटका टिकली. परदेशी फासावर गेला आणि नागरिक वाचले, एकाच प्रक्रियेतून. प्रक्रिया नसती तर तिघांचंही एकच झालं असतं आणि टाळ्या वाजल्या असत्या.

एक मुद्दा कोणी बोलत नाही तो पैशाचा. रावेर-यावलच्या केळीच्या बागा, जळगाव एमआयडीसीतले चटईचे कारखाने, धुळ्याचे यंत्रमाग, सगळीकडे बाहेरचा मजूर आहे. त्यात कोणी खरंच चोरून आलेला असेल तर तो मालकाला स्वस्त का पडतो? कारण तो तक्रार करू शकत नाही. मजुरी बुडवली, हात मशीनमधे गेला, तरी तो पोलिसात जाणार नाही, गेला तर तोच आत जाईल. म्हणजे हक्क काढून घेतले की घुसखोर कमी होत नाही, त्याची मागणी वाढते, आणि मार खातो तो आपला स्थानिक मजूर ज्याला नियमाने मजुरी द्यावी लागते. ज्यांना खरंच घुसखोरी थांबवायचीय त्यांनी आधी अशा मालकावर केस घाला म्हणून मोर्चा काढावा. आजवर मी तरी असा मोर्चा बघितला नाही.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला १०४ भारतीय घेऊन उतरलं, बेकायदा गेलेले, हातापायात बेड्या. त्यात महाराष्ट्रातलेही होते. संसदेत विरोधकांनी गदारोळ केला, लोक चिडले, मीही चिडलो. कायदा मोडून गेले होते ना ते? हो. त्यांना परत पाठवायचा अमेरिकेला अधिकार होता ना? होता. मग आपण कशावर चिडलो? बेड्यांवर. म्हणजे बेकायदा राहणाऱ्यालाही माणूस म्हणून काही देणं लागतं हे आपल्याला कळतं, ते आपल्या पोरांबाबत लगेच कळतं एवढंच.

येत्या काळात जो कोणी पुढारी आपल्या गावात माईकवर घुसखोरांबद्दल बोलेल, त्याला टाळ्या द्या नाहीतर देऊ नका, पण काही प्रश्न विचारा. जिल्ह्यात संशयावरून पकडलेल्या माणसाला २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर नेलं जातंय का? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कोठडीतल्या कोणालाही फुकट मिळतो, तो दिला जातोय का? त्याच्या मूळ गावच्या कलेक्टरकडून पडताळणी मागवली का, आणि ती यायच्या आधीच त्याला सीमेवर पाठवणार नाही याची लेखी हमी कोण देणार? दलाल किती पकडले आणि मालक किती? आणि जन्मदाखल्याचे नियम कडक केलेत ते ठीक, पण अक्राणी महालात, म्हणजे धडगावकडे, ज्यांची नोंदच कधी झाली नाही त्यांच्यासाठी पाड्यावर जाऊन नोंदणीचं शिबिर कधी लावणार, तारीख सांगा.